आक्षेपाआधीच अनुपालन

घोडागाडी आधी थरथरली, मग एका चाकावर उभी राहिली आणि नंतर सरळ आभाळात गेली. गाडीत हात बांधलेले चार कैदी होते, त्यांतला एक मी. बाकीचे उलटे लटकत असतानाही बंडाच्या आणि राजाच्या गप्पा अगदी शांतपणे मारत होते. 'स्कायरिम' हा गेम सुरू होतो तो याच गाडीतून. कैद्यांना हेल्गन नावाच्या गावी वधासाठी नेतात, तिथे ड्रॅगन येतो आणि गोष्ट चालू होते. माझी गोष्ट तीन वेळा पाइनच्या झाडांतच संपली.

माझं वय चोपन्न, नोकरी लेखापरीक्षणातली. रात्री जेवणानंतरचा एक तास तेवढा माझा. सेलमध्ये गेम घेतला आणि खेळायच्या आधी आठवडाभर अभ्यास केला. शंभरपानी वहीत १४३ मॉडची यादी तयार होती. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवून वाटलेले फेरबदल. कुणी झाडं दाट करतं, कुणी तलवारी वाढवतं, कुणी अख्खा नवा प्रदेश जोडतं. दिवाळीला भाची आली. ती दहाएक वर्षं हा गेम खेळते आहे. आधी पोट धरून हसली, मग तिने वही ओढून घेतली.

भाची: मामा, यातले किती टाकलेस?

मी: एकोणीस. बाकीचे रविवारी.

भाची: आणि गेम कुठवर आलाय?

मी: गाडीत.

भाची: म्हणजे अजून गाडीतून खाली उतरला नाहीस आणि १४३ गोष्टी दुरुस्त करायला निघालायस!

मी: उतरू देईल तर ना. तूच बघ.

भाची: (दोन मिनिटं फायली चाळून) फ्रेमची मर्यादा कुणी काढली? या गेममधलं पडणं, आपटणं, उडणं सगळं फ्रेमच्या तालावर चालतं. सेकंदाला ६० चित्रं धरून हिशेब बसवलाय. तुझा मॉनिटर १४४ चा. ताल दुपटीच्या वर गेला की गाडीला वेड लागतं.

मी: म्हणजे मॉडचा दोष नाही तर.

भाची: नाही. कुठेतरी वाचून सेटिंगच्या फाइलमध्ये एक आकडा बदललास, तो तुझा. ६० वर बांध. यालाही मॉड आहे, पण आज नको. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, ही गाडी बनवणाऱ्यांच्याही हातून उडाली होती. नेट पर्कीपाइल म्हणून तिथे काम केलेले एक गृहस्थ आहेत, त्यांनी २०२१ मध्ये ही गोष्ट सांगितली. मधमाशी पकडून पिशवीत टाकता येत नव्हती, म्हणून कुणीतरी मधमाशी दुरुस्त केली. त्या दुरुस्तीत मधमाशीला धडकण्याजोगं अंग मिळालं, आणि ते इतकं अचल की रस्त्यात माशी आली की गाडी तिच्यावर आपटून रॉकेटसारखी वर जायची.

मी: दुरुस्ती माशीची आणि उडाली गाडी.

भाची: हेच लक्षात ठेव. आता सांग, यादी कशावरून केलीस?

मी: ज्यांनी हजार हजार तास घातलेत त्यांच्या शिफारशींवरून. नवख्याने जाणकाराचं ऐकावं, यात चुकलं काय?

भाची: जाणकार स्वतःच्या तक्रारी सांगतो, मामा. तिसरा नंबर वाच. 'ऑल्टरनेट स्टार्ट'. हा काय करतो?

मी: गाडीचा प्रवेश गाळतो. डोळे उघडतात ते एका ओसाड कोठडीत. तिथे मारा देवीचा पुतळा असतो. त्याच्याशी बोलून आपण कोण ते ठरवायचं आणि तिथून पुढे निघायचं.

भाची: हे वापरणाऱ्यांनी ती गाडी चाळीस-पन्नास वेळा पाहिलेली असते. दर वेळी नवं पात्र घ्यायचं आणि परत तोच रस्ता, त्याच गप्पा. त्यांना कंटाळा आला, त्या कंटाळ्यावर हे औषध आहे. तू एकदाही न पाहिलेल्या गोष्टीला कंटाळलास? ऑडिटवाला ना तू? आक्षेप निघायच्या आधीच अनुपालन कसं दाखल करतोस?

हे वर्मी लागलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वह्यांत आक्षेप काढले आणि 'अनुपालन सादर करावे' असे शेरे मारले. पण भाचीपुढे इतक्यात हात टेकणारा मामा मी नव्हे.

मी: माझं ऐक. तुझ्याकडे वेळ आहे. तू हा गेम साधा खेळशील, मग सजवून, मग अवघड करून. मला रोज एक तास, तोही पाहुणे नसतील तर. एक फेरी पुरी व्हायला वर्ष जाईल आणि दुसरी होणारच नाही. जी एकुलती एक व्हायची, ती मी २०११ सालच्या दगडी चेहऱ्यांबरोबर का काढू?

भाची: चेहरे बदल की, मी कुठे नाही म्हणते. रंगरूपाचे मॉड सगळ्यांत निरुपद्रवी. दगड, भिंती, पाणी, बर्फ. नाही आवडलं तर काढून टाक, गेमला पत्ताही लागत नाही. चेहऱ्यांना तेवढं जप. एकाच माणसाला दोन वेगळे मॉड लागले आणि आपसात जुळले नाहीत, तर धड गोरं राहतं आणि तोंड काळंठिक्कर पडतं.

मी: का बरं?

भाची: लोड ऑर्डरमुळे. मॉड एकापाठोपाठ एक वाचले जातात. एकाच वस्तूला दोघांनी हात लावला असेल, तर शेवटी वाचलेल्याचं खरं. थोडं याचं, थोडं त्याचं असं आपोआप होत नाही. एकाने दुकानदाराचे कपडे बदलले आणि दुसऱ्याने त्याच दुकानदाराची ताकद वाढवली, तर दुसरा खाली असेल तेव्हा ताकद वाढते आणि कपडे जुनेच दिसतात.

मी: फाइलीवर शेवटच्या साहेबाचा शेरा. वरचे सगळे बाद.

भाची: अगदी. आणि या फाइलीवर सह्याही मोजक्याच बसतात. पूर्ण वजनाचे प्लगइन, म्हणजे मॉडच्या मुख्य फायली, २५४ च्या वर चालत नाहीत. हलके म्हणून वेगळा प्रकार आहे, ते चार हजारांवर चालतात. तुझे १४३ बसतील, पण कुणी कुणाचा शेरा खोडला ते शोधायला वेगळं साधन लागतं. तुझ्या त्या एका तासात खेळणार कधी?

मी: जमलं नाही तर एकेक काढत जाईन.

भाची: तिथेच तर लोक फसतात. रंगरूपाचे निघतात. पण ज्या मॉडमध्ये स्क्रिप्ट चालते, थंडी वाजवणारे, भूक लावणारे, नवीन कामगिऱ्या देणारे, ते तुझ्या सेव्हमध्ये मुरतात. मॉड काढलास तरी सेव्हमध्ये त्याची भुतं राहतात. चाळीस तासांनी, कारण कळू न देता, गेम बंद पडायला लागतो. म्हणून म्हणते, आधी टाकून बघू हे धोरण इथे उलटं चालतं. मागाहून घालणं बहुधा निभावतं, मागाहून काढणं निभावत नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी विषय तत्त्वज्ञानावर नेला. सरकारी खात्यात ही कला आपोआप येते.

मी: तू 'आधी साधा खेळ' म्हणतेस. साधा म्हणजे कुठला? ११ नोव्हेंबर २०११ ला आला तो? तो आता कोण खेळतं? २०१६ मध्ये स्पेशल एडिशन आली, आतली घडणच ६४ बिटची झाली. २०२१ मध्ये त्याच ११ नोव्हेंबरला ॲनिव्हर्सरी एडिशन आली, आणि तिच्यात काय होतं? वर्षानुवर्षं वेगळे विकलेले जादा तुकडे एकत्र बांधून दिलेले. म्हणजे मॉडच की, फक्त कंपनीचा शिक्का असलेले. बरं, बाहेरच्यांना फेरबदल करता यावेत म्हणून क्रिएशन किट कुणी दिलं? गेम बनवणाऱ्या बेथेस्डानेच, गेम आल्यावर तीन महिन्यांत. ज्यांनी घर बांधलं त्यांनीच थापी आणि रंधा दारात ठेवून दिला. तिथे तू सोवळं कुठलं पाळतेस?

भाची: (जरा थांबून) हे खरं आहे. तू ॲनिव्हर्सरीच घेतलीयेस ना?

मी: सेलमध्ये होती.

भाची: मग ते जादा तुकडेही बंद करून टाक. नाहीतर हेल्गनमधून बाहेर पडत नाहीस तोच कामांचा पाऊस पडतो. इथे जा, तिथे चिठ्ठी वाच, मासे धर, अमक्याला भेट. गावात पाऊल ठेवायच्या आधीच वही भरते. नव्या माणसाला कळत नाही की यातलं मूळ गोष्टीतलं काय आणि मागून चिकटवलेलं काय.

मी: म्हणजे तुझं सोवळं माझ्यापेक्षाही कडक.

भाची: सोवळं नाही रे. गोष्ट सांगणाऱ्याने काय आधी ठेवलं आणि काय मागे, ते एकदा तरी दिसू दे. मग मोड.

मी: ठीक. मग अनऑफिशियल पॅच? तो तर सगळेच म्हणतात डोळे झाकून टाका. गेमचे शेकडो दोष हौशी लोकांनी फुकट निस्तरलेत. आता त्यालाही विरोध?

भाची: टाक. पण डोळे उघडे ठेवून. त्यात नुसते दोष निस्तरलेले नाहीत, कशाला दोष म्हणायचं याचे निवाडेही आहेत. गेममध्ये एक पळवाट होती. उपचाराची विद्या वाढवणारं औषध प्यायचं आणि अंगावरचे मंतरलेले कपडे काढून परत घालायचे. कपड्यांची ताकद वाढते, त्या ताकदीवर अजून जालीम औषध बनतं, ते पिऊन परत कपडे. चार-सहा फेऱ्यांत एका फटक्यात ड्रॅगन मारणारा माणूस तयार. बेथेस्डाने हे तसंच ठेवलं. पॅचवाल्यांनी बुजवलं. आता सांग, हा दोष की गंमत?

मी: ऑडिटच्या दृष्टीने उघड अपहार.

भाची: आणि माझ्या दृष्टीने कॉलेजातला सगळ्यांत मजेचा आठवडा. म्हणून म्हणते, पॅच टाक, पण तो कुणाच्या तरी मताने चालतो हे माहीत असू दे.

माझ्या यादीतला एक मॉड मात्र तिने न वाद घालता मंजूर केला. खरं तर वाद मीच काढला, आणि हरला तो तिचाच नियम. तो होता 'स्काययूआय'.

मी: तुझ्या नियमाने हाही नको. मी अजून पिशवी उघडलेलीच नाही, तर पिशवीचा मेनू वाईट हा आक्षेप माझा कसा?

भाची: इथे माझा नियम मोडतो. मूळ मेनू दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर सोफ्यावर बसून, हातातल्या कंट्रोलरने चालवायचा म्हणून आखलाय. लांबून वाचता यावीत अशी मोठी नावं, एकाखाली एक. कशाचं वजन किती, किंमत किती, हे एका नजरेत दिसत नाही. तू टेबलाशी माउस घेऊन बसणार. तुला मेनू वाईट आहे हे कळणारच नाही. तुला वाटेल, आपल्यालाच जमत नाही, वय झालं. आणि आठव्या दिवशी गेम बंद करून झोपशील.

मी: म्हणजे काही आक्षेप असे असतात, की नवख्याला ते स्वतःचेच दोष वाटतात.

भाची: हो. असे फार नाहीत. पण हा आहे. स्काययूआयमध्ये रकाने येतात, वजन, किंमत, मारा. रकान्यावर टिचकी मारली की तसं लावून मिळतं, नाव टाकून शोधता येतं.

मी: म्हणजे खतावणी! हे आधी सांगितलं असतंस तर वाद मिटला असता.

भाची: थांब, अर्धी गोष्ट राहिलीय. त्याला एकटं घालता येत नाही. त्याच्याखाली एसकेएसई लागतं, म्हणजे स्क्रिप्ट एक्स्टेंडर. गेमला मुळात न येणाऱ्या गोष्टी ते शिकवतं. आणि ते तुझ्या गेमच्या नेमक्या आवृत्तीचंच लागतं. दशांशापुढचा आकडा चुकला तरी चालू होत नाही. वर गेम स्टीमवरून आपसूक अद्ययावत होतो. एके दिवशी सकाळी आवृत्ती बदललेली असते आणि एसकेएसई मागे राहिलेलं असतं. २०२१ च्या त्या वर्धापनदिनी असंच झालं, लोकांची वर्षांची मांडणी एका रात्रीत बंद.

मी: एक मेनू बदलायला पत्रिका जुळवायची!

भाची: आणि छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले पाहिजेत. म्हणून मॉड निवडताना त्याचं नाव नंतर वाच. आधी वाच त्याला खाली काय लागतं. माझा धसका तोच आहे, एक मॉड कधीच एक नसतो.

पुढचा अर्धा तास तिने माझ्याकडून मॉड ऑर्गनायझर बसवून घेतलं. याचं मला पटलेलं कारण एवढंच की ते मॉडच्या फायली गेमच्या फोल्डरमध्ये कालवत नाही. त्या वेगळ्या ठेवतं आणि गेम चालू होताना त्या आत असल्याचा भास करून देतं. रोख वेगळी, किरकोळ वेगळी. मी आधी सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं होतं. ते निवडत बसण्यापेक्षा तिने गेम पुसून नवा उतरवून घेतला.

मी: हे सगळं टाळायलाच तर लोकांनी तयार याद्या केल्यात. ते वाबाजॅक. बटण दाबा, शेकडो मॉड जुळवून उतरतात. जाणकाराने पत्रिका पाहूनच ठेवलेली आहे.

भाची: ते उत्तम काम आहे, थट्टा नाही. मॉड जिथून उतरतात त्या नेक्ससचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व नसेल तर प्रत्येक फाइलला हाताने टिचकी मारावी लागते, तेवढं सोड. पण नाव कशावरून ठेवलंय माहितीय? गेममध्ये त्या नावाची एक काठी आहे. समोरच्यावर रोखली की त्याचं काय होईल ते देवही सांगू शकत नाही. माणसाचं चीज होतं.

मी: आणि तुझ्या मते गेमचंही चीज होतं.

भाची: कोटी बरी होती. माझ्या मते गेम त्या यादीवाल्याचा होतो. त्याला लढाई अवघड हवी, रात्र काळीकुट्ट हवी, बाई सुंदर हवी. तुला काय हवं ते त्याने विचारलेलं नसतं. तू त्याच्या नंबरचा चष्मा लावून फिरणार.

मी: आणि हा रे हा, नव्वद नंबर. हा मी हौसेने लिहिलाय. ड्रॅगनला थॉमस आगगाडीचं तोंड लावणारा. २०१३ चा आहे. आभाळातून शिट्टी वाजवत इंजिन येतं.

भाची: (इथे ती खरोखर हळवी झाली) मामा, हा नको. आत्ता नको. व्हाइटरन शहराच्या बाहेर एक पडका बुरूज आहे, तिथे पहिला ड्रॅगन तुझ्याशी लढायला येतो. सोबत चार शिपाई असतात आणि सगळ्यांची तंतरलेली असते. आधी आवाज येतो, दिसत नाही काही. ते एकदा घाबरून बघ. आगगाडी नंतर हसवते, कारण तिथे काय यायला हवं होतं ते आपल्याला ठाऊक असतं. भीतीच वाटलेली नसेल तर ते नुसतं आगगाडीचं तोंड आहे.

मी नव्वद नंबरवर काट मारली. वादात नव्हे, तिच्या चेहऱ्याकडे बघून.

पण हरता हरता एक मुद्दा मी जिंकलो, तो नोंदवून ठेवतो. मी म्हटलं, तू मॉडना सारखी दुरुस्ती समजतेस, माशीचं अंग आणि गाडीचं चाक. पण काही मॉड म्हणजे स्वतंत्र पुस्तकं आहेत. एन्डेरल घे, २०१६ मध्ये जर्मनीतल्या हौशी मंडळींनी स्कायरिमची माती वापरून केलेला वेगळाच देश, वेगळी माणसं, वेगळा शेवट, आणि फुकट. 'द फरगॉटन सिटी' तर निक पिअर्स नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाचा मॉड. त्याला २०१६ मध्ये तिथल्या लेखक संघाचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तोच स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला. यांना कुठला आक्षेप लागतो? माझी फेरी एकच व्हायची असेल, तर ती एन्डेरलमध्ये का नको? ती म्हणाली, "बरोबर. तिथे माझा नियम लागू नाही. पण मग स्कायरिम खेळलो असं सांगत फिरू नकोस." एवढं मान्य करूनही मी शेवटी स्कायरिमच सुरू केला. पैसे भरलेले होते.

तिने तीन मॉड ठेवले आणि वहीचं नवं पान उघडून दिलं. तक्रार झाली की तारीख घालून लिहायची, उपाय शोधायचा नाही, आठवडाभराने परत वाचायची. ती बंगळुरूला गेली. पंधरा दिवसांनी फोन आला.

भाची: वाच.

मी: एक. रात्री पुरेसा अंधार होत नाही, मशाल उगाच बाळगतो. दोन. खोडलाय. तीन. माझी सोबतीण लिडिया दारात उभी राहते, बाहेर पडू देत नाही.

भाची: एकला चांगले दोन-तीन आहेत, एक निवडून पाठवते. तीनला सोबत्यांचे मॉड स्क्रिप्टवाले असतात, ते मी स्वतः बघून सांगते. दोन काय होता?

मी: वजन. पिशवीची मर्यादा काढून टाकणारा मॉड. माझ्या जुन्या यादीतही होता, एकविसावा.

भाची: मग खोडला का?

मी: तुझा तो बुरूज. ड्रॅगन मेला आणि त्याची हाडं मिळाली. एकेक हाड पंधराचं. मी आधीच हेल्गनपासूनची भांडीकुंडी बाळगून होतो. तीनशेची मर्यादा ओलांडली की पळता येत नाही, नकाशावर टिचकी मारून पोचताही येत नाही. आणि लिडिया अजून मिळायची होती, हमाल कुणी नाही. टाकून द्यायला जीव होईना, पहिल्या ड्रॅगनची हाडं. मग चाललो, सावकाश, व्हाइटरनपर्यंत. रात्र होती. दोन चंद्र वर आले, मागून ते हिरवे प्रकाशाचे पडदे. शेतांमधून वर किल्ला दिसत राहतो आणि जवळ म्हणून येत नाही. चिडून वहीत लिहिलं. आठवड्याने वाचलं तर आक्षेप टिकेना. पॅरा वगळला.

भाची: (बराच वेळ काही बोलली नाही) मामा, मी वजनाचा मॉड पहिल्याच दिवशी टाकला होता. ताईने सांगितलं म्हणून. बुरुजावरून मी कायम टिचकी मारून आले.

मी: मग?

भाची: मग काही नाही. किती वेळ लागला चालायला?

मी: दहा-बारा मिनिटं. मध्ये एक लांडगा आडवा आला, त्याचंही कातडं घेतलं.